अर्ध्या तासाच्या वाचकानं आठशे पानांची कादंबरी घ्यावी का?

जालना जिल्ह्यातल्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: ‘शाळा, घरची पाच एकर शेती आणि लेकरांचा अभ्यास यातून रात्री जेमतेम अर्धा तास वाचायला मिळतो. मित्र मोठ्या कादंबऱ्या वाच म्हणून मागे लागलेत. पण आठशे पानांच्या एका कादंबरीत दोन महिने घालवले तर तेवढ्यात होणारी पाच-सहा लहान पुस्तकं राहून जातात. इतक्या लांबलचक कादंबऱ्या खरोखर वाचण्याजोग्या असतात का?’

गुरुजी, मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. पुस्तकांवर बोलणाऱ्यांपेक्षा पुस्तकं नेणाऱ्या-आणणाऱ्यांशी माझा जास्त संबंध आला. म्हणून सुरुवात देवघेवीच्या टेबलावरूनच करतो.

जाड पुस्तक मिटून हातात धरा आणि कण्याच्या उलट बाजूनं पानांच्या कडा बघा. वाचनालयातलं पुस्तक वीस-पंचवीस वर्षांत कितीतरी हातांतून जातं. वाचलेल्या पानांच्या कडा घामानं, धुळीनं, चुलीच्या धुरानं करड्या होतात. न वाचलेली पानं पांढरी राहतात. आमच्याकडे सहाशे पानांची एक कादंबरी होती. तिच्या कडेवर बोटभर करडा पट्टा आणि पुढे सगळं कोरं. एकशे वीस पानांच्या आसपास ती सीमा होती. तारखेच्या चिठ्ठीवर शिक्के मात्र पन्नासच्या वर. पन्नास घरं फिरून ते पुस्तक एकाच ठिकाणी अडलेलं होतं. त्याच कपाटात शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ होती, ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकसारखी काळवंडलेली. माझ्या नोकरीत तिला तीनदा नव्यानं बांधून आणावं लागलं. शिलाई उसवायची, कणा निसटायचा, पण मागणी थांबायची नाही. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’चीही तीच गत होती.

म्हणून जाड पुस्तक आपल्या लोकांना झेपत नाही, हे मी कधी मान्य केलं नाही. ‘मृत्युंजय’ नेणाऱ्यांत आडतीवरचे हमाल होते, अंगणवाडीच्या ताई होत्या, दहावी नापास होऊन गॅरेजवर लागलेली पोरं होती. अर्धवट परत करणाऱ्यांना मी कारण विचारत असे. पहिलं उत्तर ठरलेलं: ‘वेळ नाही मिळाला सर.’ पुस्तक जागेवर ठेवता ठेवता पुन्हा विचारलं की खरं उत्तर यायचं. कुणी म्हणायचं, नावं डोक्यात बसेनात. कुणी म्हणायचं, पुढे काही घडेचना. वेळेचा प्रश्न त्यात क्वचितच असायचा.

तरी तुम्ही वेळेचं विचारलंय, तर हिशेब करूनच टाकू. डेमी आकाराच्या पानावर साधारण तीनशे शब्द बसतात. आठशे पानांचे झाले दोन लाख चाळीस हजार. मनात वाचणारा सावकाश वाचक मिनिटाला दीडशे शब्द वाचतो असं धरा. अर्ध्या तासात पंधरा पानं झाली. म्हणजे आठशे पानांना चोपन्न दिवस.

चोपन्न दिवस ऐकून छातीत धस्स होतं. पण आपल्या भागात चातुर्मासात गावोगाव पोथी लागायची. काही गावांत अजून लागते. श्रीधरस्वामींच्या ‘रामविजया’चे ४० अध्याय, ‘पांडवप्रतापा’चे ६४. रोज रात्री जेवणं झाली की देवळात कंदील लावून एक अध्याय. एक जण ओवी वाचणार, दुसरा अर्थ सांगणार, बाया वाती वळत ऐकणार. आषाढी एकादशीला सुरू केलं की ‘रामविजय’ होऊन ‘पांडवप्रताप’ संपायला कार्तिकी जवळ येते. ऐकणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोकांना अक्षरओळख नव्हती, आणि दिवसभर खुरपणी-निंदणी करून ते बसलेले असत. ‘एवढं लांबण कशाला, थोडक्यात सांगा’ असं तिथं कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. रोज एक अध्याय हे ते प्रमाण होतं. तुमच्या अर्ध्या तासात साधारण तेवढंच मावतं.

छापील कादंबरीचंही सुरुवातीला असंच होतं. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यात क्रमशः छापली. यमुनेची ती कहाणी त्या काळच्या वाचकानं आठवड्याच्या हप्त्यानं वाचली. पुढच्या अंकापर्यंतच्या सहा दिवसांत घराघरांत तिच्यावर बोलणं होत असणार. टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’चा सुरुवातीचा भागही आधी मासिकात आला होता. या पुस्तकांची लांबी बैठक मारून एका सुट्टीत फडशा पाडण्यासाठी नव्हतीच. आपण त्यांच्याकडे एक गठ्ठा म्हणून बघतो आणि दबतो.

आता मुद्द्यावर येतो. मोठ्या कादंबरीत असं काय असतं जे पाच लहान पुस्तकांत मिळत नाही, हे मला एका पुस्तकानं शिकवलं. तेही मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा.

आमचं मूळ गाव गोदावरीच्या काठाला होतं. ते जायकवाडीच्या पाण्याखाली गेलं. पैठणच्या त्या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि धरण पूर्ण झालं १९७६ साली. मधल्या अकरा वर्षांत आमच्यासारखी कितीतरी गावं अधांतरी राहिली. घराचं धाबं गळतंय, पण दुरुस्त करावं का? विहिरीचा गाळ काढावा का? पोरीचं लग्न याच अंगणात लावावं की नव्या गावठाणात? मी तेव्हा लहान होतो. त्या वर्षांचं मला एवढंच आठवतं की घरात कुठलीही गोष्ट ठरत नव्हती.

विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ १९९१ साली आली. धरणात गाव गेलेल्या माणसांची ती कादंबरी. पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमच्याकडे प्रत आली तेव्हा मी ती आठवडाभरात वाचून काढली होती आणि चांगली आहे असं मत करून मोकळा झालो होतो. चार-पाच वर्षांनी दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला जपायचं होतं, शेतात जायला बंदी होती. दादा निजामाच्या काळात तिसरीपर्यंत शिकलेले, पण पोथीत पक्के मुरलेले. थंडीचे दिवस होते. मी म्हटलं, धरणावरची एक कादंबरी आहे, वाचून दाखवू का? ते म्हणाले, ‘वाच. किती अध्याय हायेत?’

पहिल्या दिवशी वीस पानं झाली. दुसऱ्या दिवशी आठ. तिसऱ्या दिवशी तीन, कारण तिसऱ्या पानावर त्यांनी हात वर केला.

‘थांब. त्ये घर मोडायचं परत वाच.’

मी परत वाचलं. ते म्हणाले, ‘मपल्या आईनं निघायच्या दिशी बी घर सारवलं व्हतं. म्या म्हनलं, कामून सारवती? चार दिसानं पानी येनार. तर म्हनली, येनाऱ्याला घान घर देऊ नाही.’

ही गोष्ट मी तोपर्यंत ऐकलेली नव्हती. आजी मला चांगली आठवते, पण तिनं शेवटच्या दिवशी घर सारवलं होतं, हे वीस वर्षं आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं. त्या रात्री पुढे वाचन झालंच नाही. सागवानी चौकट काढताना भिंत कशी ढासळली, तुळया गाडीवर कशा बांधल्या, आंब्याच्या झाडाचे किती रुपये लिहिले आणि लिहिणाऱ्यानं झाडाकडे मान वर करूनसुद्धा कसं बघितलं नाही, हे सगळं ते सांगत बसले. दुसऱ्या दिवशी पुस्तक, तिसऱ्या दिवशी पुन्हा दादा. असं करत दोन महिने लागले. ते रोज कडब्याचं एक पान खुणेसाठी स्वतःच्या हातानं पुस्तकात घालत आणि दुसऱ्या संध्याकाळी स्वतःच काढत.

मी आठवडाभरात वाचलं तेव्हा मला कथा कळली होती. दोन महिन्यांत वाचलं तेव्हा त्या लोकांचं थांबणं कळलं. कचेरीत एक खेप, दुसरी खेप, दहावी खेप. साहेब बदलला, पुन्हा पहिल्यापासून अर्ज. हे कादंबरीत पुन्हा पुन्हा येतं आणि पहिल्या वाचनात मला वाटलं होतं की लेखकानं थोडं आवरतं घ्यायला हवं होतं. दादांना एकदाही तसं वाटलं नाही. त्यांच्या मते खेपा कमीच लिहिल्या होत्या.

विस्थापन, दुष्काळ, भाऊबंदकी, कोर्टकज्जा, एखाद्या घराण्याचं वर येणं किंवा बुडणं, या गोष्टींचं मूळ दुःखच त्यांच्या लांबीत असतं. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी काढला ते सांगतात की उपाशी झोपलेली एखादी रात्र सोसून जाते, पण पाऊस कधी येणार हे माहीत नसताना रोज उठून खडी फोडायला जाणं सोसत नव्हतं. ही मुदत शंभर पानांत सांगता येते, पण वाचकाला ती काढायला लावता येत नाही. मोठी कादंबरी ती काढायला लावते. आणि तुम्ही ती चोपन्न दिवस वाचता तेव्हा त्या चोपन्न दिवसांत तुमच्याही घरात काहीतरी घडत असतं. पाहुणे येतात, बैल आजारी पडतो, भावाशी वाजतं. ते सगळं पुस्तकात मिसळतं. दोन दिवसांत संपणाऱ्या पुस्तकाला तुमच्या घरात शिरायला फटच मिळत नाही.

तुमच्या हिशेबात ही एक बाजू राहून गेली आहे, असं मला वाटतं. पाच लहान पुस्तकं आणि एक मोठं पुस्तक ही एकाच मापानं मोजायची वस्तू नाही. आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं बसायची. त्यांतली काही विचारायची, ‘सर, या कादंबरीचा सारांश कुठे मिळेल?’ त्यांची निकड मला समजायची, मी त्यांना कधी रागावलो नाही. पण झाडाझडतीचा सारांश एका ओळीचा आहे: धरण झालं, गावं उठली, लोकांचे हाल झाले. तो तर पुस्तक उघडण्याआधीच सगळ्यांना माहीत असतो.

लहान कादंबरी कमी दर्जाची असते असं मात्र समजू नका. रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ १९७१ ची. लातूरकडच्या बोलीत, गंगाराम शिंप्याची बायको पार्वती स्वतः बोलते आहे. नवऱ्याचं मोडत जाणं, पोराचं हातातून सुटणं, गावातल्या बड्यांशी पडलेली गाठ, हे सगळं ती एका दमात सांगते. कमरेएवढ्या पाण्यातून चालणाऱ्या माणसासारखी ती भाषा आहे, मध्ये थांबायला जागाच नाही. ती कादंबरी सहाशे पानांची केली असती तर पार्वतीचा श्वास तुटला असता. तिच्या प्रतीच्या कडाही आमच्याकडे शेवटपर्यंत करड्या होत्या. एका माणसाचा एक आकांत असेल तर त्याला लहान पुस्तक लागतं. पुष्कळ माणसं आणि पुष्कळ वर्षं असतील तर जागा लागते.

मोठ्या कादंबऱ्याही सगळ्या एका जातीच्या नसतात. तुमच्यासारख्या, वाचताना चार वेळा उठावं लागणाऱ्या माणसासाठी हे महत्त्वाचं आहे. ‘पानिपत’सारखी कादंबरी माणसाला ओढत नेते. अर्ध्या तासात ती खाली ठेवणं अवघड जातं. झोपेचं खोबरं होतं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात डोळे चुरचुरतात. ‘मृत्युंजय’ची रचना वेगळी आहे. तिचे नऊ भाग आहेत आणि बोलणारे सहा: कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण. कर्ण स्वतः चार भागांत बोलतो. त्यामुळे कर्णाचं स्वतःबद्दलचं म्हणणं ऐकून कान भरले की भाऊ येतो, बायको येते, आणि तोच माणूस दुसऱ्याच अंगानं दिसतो. दर काही दिवसांनी आवाज बदलतो, वाचकाला विसावा मिळतो. ती वाचनालयात शेवटच्या पानापर्यंत मळली, त्यामागे कर्णावरच्या प्रेमाइतकीच ही बांधणीही आहे.

भालचंद्र नेमाड्यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ २०१० साली आली तेव्हा आमच्याकडे आधीपासून नावं नोंदवलेली होती. नेमाडे काही वर्षं औरंगाबादला विद्यापीठात शिकवत होते, त्यामुळे आमच्या भागातल्या प्राध्यापकांत उत्सुकता फार. सहाशेच्या आसपास पानं. खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावर असताना वडील अत्यवस्थ असल्याचं कळतं आणि तो गावाकडे निघतो. एवढंच पुढे सरकणारं कथानक, बाकी सगळं आठवण. गाव, शेती, नातीगोती, म्हणी, भांडणं, मेलेली माणसं, पिढ्यांची साठलेली अडगळ. प्राध्यापकांपैकी काहींनी ती शंभर पानांवर परत केली. शेवटपर्यंत वाचणाऱ्यांत पिठाची गिरणी चालवणारे एक गृहस्थ होते. तीन वेळा मुदत वाढवून घेतली त्यांनी. मी विचारलं, कंटाळा नाही आला? ते म्हणाले, ‘हे पुस्तक पुढं जायची घाईच करत नाही. गिऱ्हाईक आलं की ठेवायचं, दळण झालं की उचलायचं. कुठूनही धरलं तरी सापडतं.’ मी स्वतः पहिल्या खेपेला तिच्यात अडकलो होतो. त्यांचं ऐकून दुसऱ्यांदा हातात घेतली, खळ्यावर रात्री राखणीला बसलेल्या माणसाच्या गप्पा ऐकाव्यात तशी, आणि पार झाली.

म्हणून तुटक वेळ असणाऱ्यानं कथानकाच्या वेगाला भुलू नये. संथ वाहणारी मोठी कादंबरी अर्ध्या तासाच्या वाचकाला उलट जास्त मानवते.

‘श्रीमान योगी’ घेणार असाल तर एक गोष्ट सांगतो. तिला प्रस्तावना म्हणून नरहर कुरुंदकरांनी रणजित देसाईंना लिहिलेलं दीर्घ पत्र जोडलेलं आहे. कुरुंदकर नांदेडचे, मूळ गाव हिंगोलीकडचं कुरुंदा. आमच्याकडे काही वाचक निव्वळ त्या पत्रासाठी पुस्तक नेत. एका मोठ्या माणसाच्या आयुष्याकडे कोणते प्रश्न घेऊन बघायचं, हे त्या पत्रात असं मांडलंय की पुढची सगळी पानं वेगळ्या नजरेनं वाचली जातात. ते आधी वाचा आणि कादंबरी संपल्यावर पुन्हा वाचा. कादंबरीत कुठे लेखकानं त्या प्रश्नांना तोंड दिलं आणि कुठे टाळलं, हे तुमचं तुम्हाला दिसेल. अलीकडची रंगनाथ पठाऱ्यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ही आपल्या जवळची आहे. देवगिरीच्या यादवांच्या उतरत्या काळापासून एका कुळाच्या पिढ्या ती सांगत येते. जवळपास आठशे पानं आहेत, पण सात पुरुषांचे टप्पे आहेत. एकेक टप्पा म्हणजे एक मुक्काम.

आता वाईट जाड पुस्तकांबद्दल. ती आहेत, आणि पुष्कळ आहेत. विशेषतः ऐतिहासिक नावाखाली. लढाईमागून लढाई, प्रत्येक तलवार लखलखणारी, प्रत्येक घोडा वाऱ्याशी स्पर्धा करणारा, आणि माणूस मात्र एकही लक्षात राहत नाही. कुठे बखरी आणि पत्रं न पचवता तशीच्या तशी उतरवलेली. मार्चअखेरीला अनुदान खर्ची घालायच्या घाईत अशी काही पुस्तकं मीसुद्धा खरेदीच्या यादीत बसवली. त्यांतली कितीतरी आजही पांढऱ्या कडांनी उभी आहेत. तेवढ्या पैशांत लेकरांसाठी चांगली पुस्तकं आली असती, ही बोच मला अजून आहे.

असं पुस्तक ओळखायची माझी एक रीत आहे. शंभरेक पानं झाली आणि शंका यायला लागली की वीस पानं सरळ सोडायची आणि पुढे वाचायला लागायचं. दोन-तीन पानांत काहीतरी हुकल्यासारखं वाटलं, हा माणूस एवढा गप्प का झाला, या बाईचा सूर का बदलला, असं झालं तर मुकाट्यानं मागे यायचं आणि ती वीस पानं वाचायची. ते पुस्तक भरीव आहे. काहीच हुकलं नाही, सगळं जिथल्या तिथं आहे, तर त्या पुस्तकात पाणी घातलेलं आहे. ते परत करा, मनाला लावून घेऊ नका. घेतलेलं पुस्तक पुरं केलंच पाहिजे असा नेम पोथीचा असतो, कादंबरीचा नाही. ही परीक्षा ‘हिंदू’सारख्या पुस्तकाला लावताना मात्र सांभाळा. तिथे घटना हुकत नाहीत, माणसं हुकतात.

नावं डोक्यात बसत नाहीत, या तक्रारीवर उपाय अगदी साधा आहे. शाळेच्या वहीचं एक पान फाडून पुस्तकात ठेवा. नवं माणूस आलं की नाव आणि कोण कुणाचं, एवढंच लिहा. दीडशे पानांनंतर ते पान लागतसुद्धा नाही. त्या एकशे वीस पानांच्या सीमेवर जी पन्नास माणसं अडली, त्यांच्यातली निम्मी तरी एवढ्यानं पार झाली असती, असं मला राहून राहून वाटतं. आम्ही ग्रंथपालांनी पुस्तक देतानाच हे सांगायला हवं होतं. मी ते फार उशिरा सांगायला लागलो.

वाचनालयातून घेणार असाल तर पहिल्याच दिवशी टेबलावर सांगून ठेवा की दोन महिने लागतील. पंधरा दिवसांची मुदत पुढे मागणी नसेल तर वाढवून मिळते, आणि आधी सांगितलं की तुम्हालाही घाई होत नाही. तारखेच्या धाकानं मोठी कादंबरी वाचली की तिचा सगळा गुण जातो. विकत घेत असाल तर पुस्तक टेबलावर उघडं राहतं का ते बघून घ्या. नुसत्या डिंकावर चिकटवलेलं जाड पुस्तक तिसऱ्या आठवड्यात मधोमध फाटतं, शिवलेलं टिकतं. मोबाइलवर मराठी कादंबऱ्या ऐकायलाही मिळतात. शेतात पाणी द्यायला रात्रपाळीची वीज असेल तर मोटारीजवळ बसून ऐकायला ते उत्तम. दादा असते तर त्यांना आवडलं असतं, फक्त त्यांना ‘थांब’ म्हणता आलं पाहिजे होतं.

आणि जमलं तर घरात कुणाला तरी वाचून दाखवा. रोज पाच पानं का होईना. तुमची लेकरं अभ्यासाला बसतात त्या खोलीत नको, स्वयंपाकघरात.

तुमच्यासाठी माझा क्रम असा राहील. आधी ‘पाचोळा’ वाचा, थोड्याच रात्रींत होईल. मराठवाड्याची बोली कागदावर कशी उभी राहते ते एकदा कानात बसू द्या. मग दिवाळी झाली, हरभऱ्याची पेरणी उरकली, रात्री मोठ्या व्हायला लागल्या की ‘झाडाझडती’ घ्या. ‘हिंदू’ पुढच्या वर्षी.

संपवताना मात्र शेवटची पन्नास पानं एका रात्रीत उरकू नका. तो मोह फार होतो. आमच्याकडे शेवटचा भाग राहिला तेव्हा मी म्हटलं, आज संपवून टाकू. दादा म्हणाले, ‘उद्या. समाप्ती अशी रातच्याला घाईनं नसती करीत.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी दुपारीच आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले आणि ओट्यावर येऊन बसले. वाचून झालं तेव्हा दिवस मावळत होता. ते काही बोलले नाहीत. कडब्याचं पान त्यांनी पुस्तकातून काढून टोपीत ठेवलं आणि आईला हाक मारून शिरा करायला सांगितलं, पोथीच्या समाप्तीला करतात तसा. शेजारच्या दोन घरी वाटी-वाटीभर गेला. ‘कशाचा परसाद?’ असं तिकडून विचारल्यावर आई म्हणाली, ‘धरनाचं पुस्तक संपलं.’